आराखड्यानं अडवलेला रस्ता

पहिल्या स्लाइडवर दोन तळवे, तळव्यांत मूठभर माती आणि मातीत दोन पानांचं रोप. दुसऱ्या स्लाइडवर संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांचे सतरा रंगीत चौकोन. तिसरीवर ब्रुंटलँड आयोगाची शाश्वत विकासाची व्याख्या. ती वाचणारी मुलगी मध्येच अडखळते, कारण पुढच्या पिढ्यांच्या गरजांविषयीचं ते लांबलचक वाक्य एका दमात संपत नाही. मग देश येतात. एकाच्या वाट्याला जर्मनी, दुसऱ्याला भूतान, तिसरीकडे भारत, आणि चौथ्याकडे लॅपटॉपचं बटण दाबण्याचं काम. शेवटी ‘थँक यू’ची स्लाइड, टाळ्या आणि ‘एनी क्वेश्चन्स?’ विचारल्यावर वर्गभर शांतता. ‘राष्ट्रीय शाश्वत विकास धोरणं’ या विषयावरचं ग्रुप प्रेझेंटेशन महाराष्ट्रातल्या बहुतेक कॉलेजांत साधारण असंच जातं. इंटर्नलचे मार्क पडतात आणि फाइल पेनड्राइव्हमधून पुढच्या बॅचकडे सरकते.

मुलांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. ज्या सरकारांविषयी ती बोलत असतात, त्यांतल्या बऱ्याच सरकारांनीही आपलं काम याच पद्धतीनं उरकलं आहे. पर्यावरण खात्यानं आपला भाग लिहिला, वाहतूक खात्यानं आपला, उद्योग खात्यानं आपला. कुणीतरी ते एकाला एक चिकटवले, मुखपृष्ठावर हिरवं पान छापलं आणि संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीत वाचून दाखवलं. अर्थसंकल्प होता तसाच राहिला.

अशा आराखड्याची किंमत करायला फार विद्वत्ता लागत नाही. त्या आराखड्यामुळं सरकारचा कोणता निर्णय बदलला, एवढं विचारलं तरी पुरतं. कुठला रस्ता झाला नाही? कुणाची करसवलत गेली? कुठल्या शेतजमिनीला एनए नाकारलं गेलं? सादरीकरणात सगळं असतं, फक्त हा प्रश्न नसतो.

पर्यावरणाचा विषय कॉलेजात आला तो सर्वोच्च न्यायालयाच्या दारातून. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिलेल्या आदेशात न्यायालयानं पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. त्याच आदेशात चित्रपटगृहांनी प्रत्येक खेळाला पर्यावरणाविषयी किमान दोन स्लाइड फुकट दाखवाव्यात, असंही होतं. म्हणजे पर्यावरण आणि स्लाइड यांचं नातं आपल्याकडे पॉवरपॉइंटच्याही आधीचं! पुढं न्यायालयानं पुन्हा कान पिळल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगानं पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. त्याचं पाठ्यपुस्तक लिहिलं पुण्याच्या भारती विद्यापीठातल्या पर्यावरण शिक्षण संस्थेचे डॉ. एरच भरुचा यांनी; ते पेशानं शल्यविशारद. त्या अभ्यासक्रमाचं शेवटचं प्रकरण क्षेत्रभेटीचं होतं: जवळची नदी, माळरान, डोंगर पाहा, एखादी प्रदूषित जागा पाहा आणि नोंदी करा. बऱ्याच ठिकाणी या प्रकरणाची जागा हळूहळू पीपीटीनं घेतली.

देशानं शाश्वत विकासाचं धोरण लिहावं ही कल्पना तशी जुनी नाही. नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाचा अहवाल १९८७ मध्ये आला. १९९२ मध्ये रिओ दि जानेरोला वसुंधरा परिषद भरली आणि तिथं ‘अजेंडा २१’ नावाचा चाळीस प्रकरणांचा दस्तऐवज मंजूर झाला. त्यातल्या आठव्या प्रकरणात प्रत्येक देशानं असं राष्ट्रीय धोरण आखावं, असं म्हटलं होतं. कधीपर्यंत, हे पाच वर्षांनी ठरलं: १९९७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विशेष अधिवेशनानं २००२ ची मुदत घातली. २००२ मध्ये जोहान्सबर्गला सगळे पुन्हा जमले तेव्हा पुष्कळ देशांचं काम अर्धवट होतं, म्हणून अंमलबजावणी २००५ पर्यंत सुरू करा, असं सांगण्यात आलं. तारखांवर तारखा पडत गेल्या.

मधल्या काळात, २००१ च्या नोव्हेंबरमध्ये, घानाची राजधानी अक्रा इथं या विषयावर आंतरराष्ट्रीय बैठक झाली. तिथून निघालेल्या मार्गदर्शनाचा गाभा आजही उपयोगी आहे. धोरण म्हणजे एकदा छापून कपाटात ठेवायचं पुस्तक नव्हे. सर्वांना सोबत घेऊन ठरवायचं, करायचं, मोजायचं आणि मोजलेल्यावरून पुन्हा बदलायचं, असं ते सतत चालणारं काम आहे. बहुतेक देशांनी यातलं ‘ठरवायचं’ तेवढं मनापासून केलं.

अपवाद आहेत, आणि सांगण्यासारखे आहेत. सर्वांत नाट्यमय कथा नेदरलँड्सची. ती रिओच्याही आधी घडली. १९८८ मध्ये तिथल्या सार्वजनिक आरोग्य आणि पर्यावरण संस्थेनं एक अहवाल काढला. आम्लवर्षा, खतांचा निचरा, कचरा यांची आकडेमोड करून त्यात सांगितलं होतं की, पुढच्या पिढीच्या हाती धड देश द्यायचा तर अनेक प्रदूषकांचं प्रमाण सत्तर ते नव्वद टक्क्यांनी कमी करावं लागेल. थोडंथिडकं नाही, नव्वद टक्के. त्या वर्षी नाताळच्या भाषणात राणी बिआट्रिक्स यांनी पृथ्वीच्या मरणासन्न अवस्थेविषयी इतकं स्पष्ट बोलून टाकलं की, एरवी गोडगोड शुभेच्छा ऐकणारा देश चपापला.

१९८९ मध्ये राष्ट्रीय पर्यावरण धोरण आराखडा तयार झाला. त्याला पैसा हवा होता. घरापासून ऑफिसपर्यंत गाडीनं जाणाऱ्या नोकरदारांना प्रवासखर्चावर मिळणारी करसवलत काढून घ्यायची, असा एक प्रस्ताव होता. सत्तेतल्या उदारमतवादी पक्षाचे मतदार नेमके हेच. त्या पक्षाच्या खासदारांनी पाठिंबा काढला आणि मे १९८९ मध्ये रुड लुबर्स यांचं सरकार पडलं. पर्यावरणाच्या आराखड्यापायी सरकार गडगडल्याचं दुसरं इतकं ठळक उदाहरण सापडणं कठीण. सप्टेंबरमधल्या निवडणुकीनंतर लुबर्सच पुन्हा पंतप्रधान झाले, या वेळी मजूर पक्षाला सोबत घेऊन, आणि १९९० मध्ये तोच आराखडा आणखी कडक करून आणला गेला.

पुढची गोष्ट कमी नाट्यमय, पण जास्त शिकवणारी. डच सरकारनं रसायन, धातू, छपाई अशा एकेका उद्योगासोबत करार केले. अमुक सालापर्यंत अमुक प्रदूषण इतकं खाली आणायचं. कसं, ते तुम्ही ठरवा. जमलं नाही तर परवान्याच्या अटी कडक होतील. गंधकाचं प्रदूषण आणि जमिनीत पुरला जाणारा कचरा यांत खरोखरच मोठी घट झाली. जगभरातले अधिकारी हा नमुना पाहायला हेगला जाऊ लागले.

मात्र गाईगुरांपुढं डच शहाणपण टिकलं नाही. छोट्याशा देशात दाटीवाटीनं पाळलेली जनावरं, त्यांचं शेण-मूत्र आणि त्यातून उडणारा अमोनिया हा प्रश्न वर्षानुवर्षं पुढं ढकलला गेला. शेवटी सरकारनं एक युक्ती काढली: नायट्रोजनचं प्रदूषण भविष्यात कमी होणारच आहे, तेव्हा त्या भरवशावर आजच नव्या गोठ्यांना आणि बांधकामांना परवाने देऊ. २९ मे २०१९ रोजी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं ही युक्ती बेकायदा ठरवली. उद्याच्या सुधारणेवर आजची परवानगी देता येणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ. हजारो प्रकल्प एका दिवसात लटकले. १ ऑक्टोबरला शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगवर चालून गेले आणि देशभरात एकूण हजार किलोमीटरहून लांब वाहतूक कोंडी झाली. जगातला पहिला धडाडीचा आराखडा लिहिणारा देश तो हाच.

जर्मनीची गोष्ट एका आकड्याची आहे. २००२ च्या राष्ट्रीय शाश्वतता धोरणात एकवीस निर्देशक होते. त्यांतला एक असा: शेती, माळ, रान यांचं घरं, रस्ते, कारखाने यांत रूपांतर होण्याचा वेग २०२० पर्यंत दिवसाला ३० हेक्टरवर आणायचा. २००० च्या सुमारास तो दिवसाला १२९ हेक्टर होता, म्हणजे रोज जवळजवळ ३२० एकर. विषय रुक्ष वाटेल, पण आराखडा किती टोकदार असू शकतो ते इथं दिसतं. ‘जमिनीचा विवेकी वापर करावा’ असं त्यात लिहिलेलं नाही. तीस हेक्टर म्हणजे तीस हेक्टर; शाळकरी मुलगाही वजाबाकी करून सांगू शकतो की जमलं की नाही.

नाही जमलं. २०२० पर्यंतच्या चार वर्षांची सरासरी दिवसाला ५४ हेक्टरच्या आसपास राहिली. मुदत २०३० वर गेली. का जमलं नाही, याचं उत्तर पुण्या-नाशिकच्या कडेनं राहणाऱ्या कुणालाही चटकन कळेल. उद्दिष्ट ठरवलं बर्लिननं, जमिनीचा निर्णय मात्र गावोगावच्या नगरपालिकांच्या हाती. नवी औद्योगिक वसाहत आली की पालिकेला उद्योगकर मिळतो, नवी वस्ती झाली की तरुण कुटुंबं येतात. शेजारचं गाव प्लॉट पाडत असताना आपण का थांबायचं? भरीस भर म्हणून २०१७ मध्ये केंद्र सरकारनंच बांधकाम कायद्यात एक कलम घातलं. गावाच्या वेशीबाहेरच्या छोट्या वसाहतींना पर्यावरणाच्या पूर्ण तपासणीतून त्यामुळं सूट मिळाली. एका हातानं धोरण लिहायचं आणि दुसऱ्या हातानं त्याला भोक पाडायचं, असा हा प्रकार. २०२३ च्या जुलैमध्ये जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं ते कलम युरोपीय कायद्याशी विसंगत ठरवलं.

तरीही जर्मन धोरण वाचण्यासारखं आहे, कारण त्यात अपयश लपवायला जागा ठेवलेली नाही. दर दोन वर्षांनी देशाचं सांख्यिकी कार्यालय निर्देशकांचा अहवाल काढतं. हे कार्यालय धोरण लिहिणाऱ्या खात्यांच्या हाताखालचा कारकून नाही; मोजमाप त्याचं स्वतंत्र असतं. प्रत्येक आकड्यापुढं हवामानाच्या अंदाजासारखं चित्र असतं: उद्दिष्ट गाठलं जाईल अशी चिन्हं असतील तर सूर्य, थोडं कमी पडत असेल तर ढगाआड सूर्य, बरंच कमी पडत असेल तर नुसता ढग आणि गाडी उलट दिशेनं निघाली असेल तर विजेसह वादळ. सरकारी प्रकाशनात सरकारच्याच नावापुढं वादळ छापलं जातं. शिवाय २००९, २०१३ आणि २०१८ मध्ये जर्मनीनं परदेशी तज्ज्ञांना बोलावून आपलं धोरण तपासून घेतलं. २०१८ च्या गटाच्या प्रमुख होत्या न्यूझीलंडच्या माजी पंतप्रधान हेलन क्लार्क.

पहारेकरी नेमण्याचा प्रयोग ब्रिटननंही केला. २००० मध्ये शाश्वत विकास आयोग स्थापन झाला. सरकारच्या चुका तो सरकारला सुनावत असे. २०१० मध्ये आलेल्या नव्या सरकारनं काटकसरीच्या नावाखाली त्याचा निधी थांबवला आणि पुढच्या वर्षी तो बंद झाला.

पण त्याच ब्रिटनच्या कुशीतल्या वेल्सनं वेगळा रस्ता धरला. जेमतेम तीस-एकतीस लाख लोकसंख्येच्या या देशाच्या विधिमंडळानं २०१५ मध्ये भावी पिढ्यांच्या कल्याणाचा कायदा केला. सरकारी संस्थांनी निर्णय घेताना पुढच्या पिढ्यांवर काय परिणाम होईल याचा विचार करणं त्यामुळं ऐच्छिक राहिलं नाही. या पिढ्यांच्या वतीनं बोलायला एक आयुक्तही नेमला गेला. २०१६ मध्ये सोफी हाउ या पहिल्या आयुक्त झाल्या. त्यांच्या हाती काय होतं? सल्ला देणं, चौकशी करणं आणि जाहीरपणे बोलणं. कुठलाही प्रकल्प थांबवण्याचा अधिकार नव्हता. असा आयुक्त म्हणजे शोभेचं पद, असं वाटणारे कमी नव्हते.

परीक्षा लवकरच आली. न्यूपोर्ट शहराजवळ एम-४ या महामार्गावर रोज वाहनं तुंबतात. उपाय म्हणून शहराच्या दक्षिणेनं सुमारे बावीस किलोमीटरचा नवा महामार्ग बांधण्याची योजना अनेक वर्षं चर्चेत होती. खर्चाचा अंदाज १४० कोटी पौंडांच्या घरात. मार्ग ग्वेंट लेव्हल्स या पाणथळ प्रदेशातून जाणार होता. शेकडो वर्षांपूर्वी खणलेल्या चरांचं जाळं, त्यातले कीटक, पाणवनस्पती आणि पक्षी यांच्यासाठी हा भाग संरक्षित आहे. उद्योजकांना रस्ता हवा होता, दोन्ही मोठ्या पक्षांतल्या अनेकांनाही हवा होता. २०१७ मध्ये सुरू झालेली सार्वजनिक चौकशी वर्षभर चालली. हाउ यांनी तिथं सरकारच्या विरोधात मत नोंदवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की, जुन्या प्रश्नाला हे जुनंच उत्तर आहे, आणि ज्यांना गाडी परवडत नाही त्या कुटुंबांना त्यातून काहीच मिळणार नाही.

चौकशी करणाऱ्या निरीक्षकानं मात्र रस्ता व्हावा अशीच शिफारस केली. तरी ४ जून २०१९ रोजी मुख्यमंत्री मार्क ड्रेकफर्ड यांनी तो रद्द केला. पैसे नाहीत हे एक कारण त्यांनी दिलं; पण पैसे असते तरी पर्यावरणाच्या हानीला आपण निरीक्षकापेक्षा जास्त वजन दिलं असतं आणि परवानगी नाकारलीच असती, हेही त्यांनी लेखी नोंदवलं. मग बसगाड्या, रेल्वे आणि नव्या स्थानकांचे पर्याय सुचवायला वेगळा आयोग नेमला गेला. २०२३ मध्ये वेल्सनं आणखी अनेक मोठे रस्ते प्रकल्प बाजूला ठेवले. न्यूपोर्टची कोंडी संपलेली नाही आणि तिथले व्यापारी आजही या निर्णयाला शिव्या घालतात. निर्णय बरोबर की चूक यावर वाद घालता येईल. पण वीस स्लाइडच्या सादरीकरणात एकच उदाहरण घ्यायचं ठरलं, तर हेच घ्यावं. भूतानच्या राज्यघटनेतलं साठ टक्के वनाच्छादनाचं कलमही सुंदर आहे. ते पुढच्या वर्षीच्या गटाला ठेवावं.

वेल्ससारखी उदाहरणं किती, हा प्रश्न संशोधकांनाही पडला. युट्रेक्ट विद्यापीठाचे फ्रँक बीरमन आणि त्यांच्या अनेक देशांतल्या सहकाऱ्यांनी शाश्वत विकास ध्येयांच्या राजकीय परिणामांवरचे तीन हजारांहून अधिक अभ्यास चाळले. त्यांचा निष्कर्ष २०२२ मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’ या नियतकालिकात आला. ध्येयांचा परिणाम मुख्यतः बोलण्यावर झाला: सरकारं, कंपन्या, संस्था आपलं काम ज्या शब्दांत मांडतात ते शब्द बदलले. कायदे आणि पैशाचं वाटप बदलल्याचे पुरावे तुरळक निघाले. कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत आणि मंत्र्यांच्या कोटावर ते सतरा रंग इतके का दिसतात, हे यावरून कळतं.

आता भारत. ‘राष्ट्रीय शाश्वत विकास धोरण’ असं नाव असलेला एकच ग्रंथ आपल्याकडे शोधायला गेलं तर दमछाक होते. १९९२ चं राष्ट्रीय संवर्धन धोरण आहे, २००६ चं राष्ट्रीय पर्यावरण धोरण आहे, २००८ चा आठ मोहिमांचा हवामान बदल कृती आराखडा आहे. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या तर शीर्षकातच ‘शाश्वत’ हा शब्द होता. पण १ जानेवारी २०१५ रोजी नियोजन आयोगाच्या जागी नीती आयोग आला आणि बारावी योजना शेवटची ठरली. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला संयुक्त राष्ट्रांनी सतरा ध्येयं आणि १६९ लक्ष्यं स्वीकारली. ती राबवण्याचं समन्वयाचं काम नीती आयोगाकडे आलं. खर्च वाटण्याचा नियोजन आयोगाकडे असलेला अधिकार मात्र नीती आयोगाकडे आला नाही. समन्वय करणाऱ्याच्या हातात तिजोरीची किल्ली नसेल, तर त्याला गुणपत्रिका तेवढी छापता येते.

नीती आयोगानं ती छापली, आणि खरं तर बऱ्यापैकी छापली. २०१८ च्या पहिल्या निर्देशांकात देशाला शंभरपैकी ५७ गुण होते, २०२०-२१ मध्ये ६६ आणि २०२३-२४ मध्ये ७१. केरळ आणि उत्तराखंड ७९ गुणांसह पहिले. राज्याराज्यांत चुरस लागली, आकडेवारी गोळा होऊ लागली. हा फायदा कमी लेखू नये. अडचण सरासरीची आहे. मराठवाड्यातला टँकर आणि मुंबईचं दरडोई उत्पन्न एकाच राज्याच्या गुणांत मिसळून जातं. शौचालयं, बँक खाती, वीजजोडणी यांचे आकडे भराभर वर चढतात आणि एकूण गुण वर नेतात. त्याच पत्रिकेत लिंगसमभावाचं ध्येय पन्नाशीच्या खाली आहे, हे बातमीत शेवटच्या परिच्छेदात येतं.

२०१९ मध्ये भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगनं, या ध्येयांच्या तयारीचा लेखाजोखा मांडला. तपासलेल्या सात राज्यांत महाराष्ट्रही होता. २०३० पर्यंतचा दिशादर्शक दस्तऐवज अजून तयार झालेला नाही आणि ध्येयांची अर्थसंकल्पाशी सांगड नीट घातलेली नाही, असे आक्षेप त्यात होते. नेदरलँड्समध्ये करसवलतीचा प्रश्न थेट मंत्रिमंडळाच्या टेबलावर आला आणि सरकार पडलं. आपल्याकडे प्रश्न टेबलापर्यंत पोचतच नाही, त्यामुळं सरकारं सुखरूप राहतात.

महाराष्ट्राचं स्वतःचं उदाहरण घ्यायचं तर उसाचं घ्यावं. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या जल व सिंचन आयोगानं १९९९ मध्ये राज्याच्या पाण्याचा खोरंनिहाय, तपशीलवार अभ्यास सादर केला. कमी पावसाच्या, तुटीच्या भागात उसाला आणि नव्या साखर कारखान्यांना आवर घालावा, असं त्यात सांगितलं होतं. ‘शाश्वत विकास’ हे नाव न लावताही तो या राज्याचा सर्वांत गंभीर शाश्वत आराखडा होता. कारखाने निघत राहिले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीच्या दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर. चितळे आयोगाचे खंड तेव्हाही कपाटात होते. त्यांनी कुठला कारखाना अडवला, असं विचारलं तर अधिकारी विषय बदलतात.

याच्या उलट हिवरे बाजार. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या गावाच्या नावानं इतकी भाषणं झाली आहेत की, ऐकणारा कंटाळावा. तरी तिथला पाण्याचा ताळेबंद जवळून पाहावा असाच आहे. पावसाळा संपला की किती पाऊस पडला, विहिरींत पाणी किती आहे, हे मोजून ग्रामसभेपुढं मांडलं जातं. आधी माणसांचं पिण्याचं पाणी, मग जनावरांचं, आणि उरेल त्यावर रब्बीला काय पेरायचं ते ठरतं. पाऊस कमी झाला तर गहू कमी. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही आणि ऊस, केळी लावायची नाहीत, हे नियम गावानं स्वतःवर घालून घेतले. पोपटराव पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती वृक्षारोपणाच्या फोटोंसाठी नाही. दर वर्षी कुणा ना कुणा शेतकऱ्याला मनाजोगतं पीक घेता येत नाही आणि तरी व्यवस्था टिकते. वेल्सच्या मुख्यमंत्र्यांनी महामार्गाबाबत जे केलं, तेच इथं गव्हाच्या वावराबाबत होतं.

तर मग त्या ग्रुप प्रेझेंटेशनचं काय करावं? गट राहू द्या, स्लाइडही राहू द्यात. पण अनेक देशांऐवजी एकच देश घ्या, आणि त्या देशाचं एकच उद्दिष्ट. ते कोणत्या साली लिहिलं, आकडा काय होता, मुदतीच्या वर्षी काय झालं, मुदत पुढं गेली का, दरम्यान त्याच सरकारनं त्याविरुद्ध जाणारा कुठला कायदा केला, एवढं शोधा. जर्मनीच्या तीस हेक्टरचं असं सादरीकरण दहा स्लाइडमध्ये होतं, आणि वर्गात प्रश्न येतात, कारण वर्गातल्या अर्ध्या मुलांच्या घरी कुणीतरी गुंठेवारीचा प्लॉट घेतलेला असतो. मार्गदर्शक शिक्षकांनी व्हायव्हात व्याख्या विचारणं सोडून द्यावं. ती फोनवर सापडते. राज्याच्या अर्थसंकल्पाची पुस्तकं सरकारच्या संकेतस्थळावर मराठीत असतात. त्यातलं एक पान उघडून, हे ध्येय इथं कुठे दिसतं ते दाखव, असं म्हटलं तर बटण दाबणाऱ्या चौथ्या मुलालाही बोलावं लागेल.

क्षेत्रभेटीसाठी लांब जायची गरज नाही. केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयानं सतरा ध्येयांची गावपातळीसाठी नऊ विषयांत मांडणी केली आहे: गरिबीमुक्त गाव, आरोग्यदायी गाव, बालस्नेही गाव, जलसमृद्ध गाव, स्वच्छ आणि हरित गाव, पायाभूत सुविधांनी स्वयंपूर्ण गाव, सामाजिकदृष्ट्या सुरक्षित गाव, सुशासनाचं गाव आणि महिलास्नेही गाव. या विषयांवर गावांना गुण देणारा निर्देशांक २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२२-२३ च्या आकडेवारीवरून दोन लाख सोळा हजारांहून अधिक ग्रामपंचायती त्यात मोजल्या गेल्या. सर्वांत वरच्या श्रेणीत एकही बसली नाही. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा वार्षिक आराखडा ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली तयार होतो. वित्त आयोगाचा निधी कुठे खर्च होणार ते त्यात लिहिलेलं असतं, आणि तो ग्रामसभेनं मंजूर करायचा असतो. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास भरते. पुढच्या वर्षीच्या आराखड्याची चर्चा साधारण ऑक्टोबरच्या सभेपासून सुरू होते. कॉलेजातल्या मुलामुलींनी आपापल्या गावच्या त्या सभेला जावं, ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून आराखड्याची प्रत मागून घ्यावी आणि कुठलं काम घेतलं, कुठलं वगळलं आणि का, हे उभं राहून विचारावं.